दाखला आणि खाडा

उपाहारगृहात आपल्यापुढे बशी येते, तेव्हा ती आणणाऱ्या हाताचा आपण विचार करतो काय? कायद्याने तो केला आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याखालील परवान्याचे नियम २०११ चे. त्यांप्रमाणे परवानाधारकाने अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करवावी, विषमज्वरासारख्या आतड्यांच्या रोगांविरुद्ध लस टोचवावी आणि नोंद ठेवावी. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षकही हवा.

हे सारे योग्यच. पण दाखला बोलतो तो तपासणीच्या दिवसापुरता. उरलेल्या ३६४ दिवसांचे काय? आजाऱ्याने अन्नाला हात लावू नये, असेही नियम सांगतो. परंतु संघटनेच्या कामात आम्ही वर्षानुवर्षे पाहिले, की खाडा झाला की रोज बुडतो. मग आचारी ताप लपवतो आणि कणीक तिंबायला बसतो. तो लबाड नव्हे, अडलेला आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की तपासणीचा खर्च मालकाने सोसावा आणि आजाऱ्याला भरपगारी रजा मिळावी. यात गिऱ्हाइकाचेही हित आहे. भिंतीवरचा परवाना पाहाल, तेव्हा गल्ल्यावर विचारा : आजारी पडलेल्या पोऱ्याचा रोज तुम्ही कापता काय?