जखम जिभेवर, मग चीर मानेवर का?

खुलताबाद तालुक्यातले एक शेतकरी मुलाला घेऊन ओपीडीत आले. वय पन्नाशीच्या पुढचं. जिभेच्या डाव्या कडेला दोन महिन्यांपासून जखम होती. "दात लागतो, म्हणून भरत नाही," असं त्यांचं म्हणणं. तंबाखू-चुना मळून खाण्याची सवय पंचवीस वर्षांची. हातमोजा घालून बोट फिरवलं, तर जखमेच्या कडा कडक लागल्या. तुकडा तपासणीला पाठवला. रिपोर्ट आला, कर्करोग. जखम दोन सेंटिमीटरपेक्षा लहान होती आणि मानेत गाठ लागत नव्हती. म्हणजे आजार सुरुवातीचाच.

धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "भाऊ, लहानसं ऑपरेशन आहे." शहरातल्या सर्जननी मात्र जिभेच्या भागाबरोबर मानेतल्या गाठीही काढाव्या लागतील, असं सांगितलं. ते ऐकून हे गृहस्थ थेट घरी परतले. चार दिवसांनी मला म्हणाले, "साहेब, तुम्ही तर बारकं ऑपरेशन म्हणले होते. जखम जिभेवर अन् मान कामून कापायची?"

प्रश्न रास्त होता आणि चूक माझी होती. धीर देण्याच्या नादात मी पूर्ण माहितीच दिली नव्हती. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं, तेच आज इथे सांगतो.

दिसतं त्यापेक्षा जास्त का काढतात?

कर्करोगाची गाठ म्हणजे पिशवीतला खडा नव्हे. तिच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या भागात मुळांसारख्या शिरलेल्या असतात. हराळी वरून खुरपली आणि मुळं राहिली, तर काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून सर्जन गाठीभोवतीचा साधारण एक सेंटिमीटरचा निरोगी भागही सोबत काढतात. काढलेल्या भागाच्या कडा पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गाठ आणि कड यांच्यात पाच मिलिमीटर किंवा जास्त निरोगी भाग असेल, तर कडा 'मोकळ्या' आहेत असं म्हणतात. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमधली ही ओळ फार महत्त्वाची. पुढचे उपचार त्यावर ठरतात.

मानेचा संबंध काय?

पायाला काटा मोडला की जांघेत अवधाण येतं. तोंडाचं अवधाण मानेत येतं. जिभेतून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशी बहुधा आधी मानेतल्या या ग्रंथींमध्ये अडकतात. गाठ हाताला लागत नाही, सोनोग्राफीतही दिसत नाही, तरी आत पेशी असू शकतात.

मग ग्रंथी आधीच काढाव्यात, की गाठ दिसल्यावर? यावर डॉक्टरांमध्ये अनेक वर्षं मतभेद होते. उत्तर मिळालं मुंबईत. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात वाट पाहिली आणि गाठ दिसली तरच ऑपरेशन केलं. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, तर दुसऱ्यातले ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जीव वाचला. जगभरच्या सर्जनांनी या अभ्यासाची दखल घेतली.

'चाकू लागला की कॅन्सर चवताळतो'?

हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. त्यामागे बहुधा नात्यातला एखादा अनुभव असतो. ऑपरेशन झालं आणि वर्षभरात माणूस गेला. पण चौकशी केली, तर अनेकदा कळतं की आजार आधीच फार पुढे गेला होता किंवा नंतर सांगितलेली रेडिएशन अर्धवट सोडली होती. दोष चाकूचा नसतो, उशिराचा असतो. तपासणीसाठी तुकडा काढल्यानेही तोंडाचा कर्करोग चवताळत नाही.

ऑपरेशनची किंमत मात्र मोजावी लागते आणि ती आधीच सांगायला हवी. बोलणं थोडं बोबडं होतं, गिळायला नव्याने शिकावं लागतं, खांदा काही काळ उचलत नाही. जिभेचा मोठा भाग काढला, तर हाताची किंवा छातीची त्वचा-मांस वापरून तो भरून काढतात. व्यायाम आणि बोलण्याचा सराव केला, तर बरंच सुधारतं. रेडिएशन सांगितलं असेल, तर ते ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं. कापणी, लग्नसराई, उरूस यासाठी ते पुढे ढकलू नये.

काय लक्षात ठेवाल?

तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. तोंड कमी उघडणं, तिखट न सोसणं, मानेत गाठ येणं याकडेही दुर्लक्ष नको. मराठवाड्यातल्या रुग्णांसाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया बसतात, त्यामुळे जाताना रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. ऑपरेशनआधी सर्जनला तीन प्रश्न विचारा. नेमकं काय काढणार? त्यानंतर मला काय जमणार नाही? पुढे रेडिएशन लागेल का? विचारायला संकोच करू नका. आणि तंबाखू त्याच दिवशी सोडा. ती चालू राहिली, तर तोंडात दुसरा कर्करोग उगवू शकतो.

आमच्या शेतकरी भाऊंनी तीन आठवडे घालवले, पण ऑपरेशन करून घेतलं. मानेतल्या एका ग्रंथीत, जी कुणाच्याही हाताला लागली नव्हती, कर्करोगाच्या पेशी सापडल्या. रेडिएशन पूर्ण झालं. आता दोन वर्षं झाली. 'स' म्हणताना जीभ अडखळते, पण आल्याच्या भावावर तासभर बोलतात. पाच वर्षं होईपर्यंत मी त्यांना 'बरे झालात' असं म्हणणार नाही. 'लहानसं ऑपरेशन' मात्र मी तेव्हापासून कुणालाच म्हणत नाही.