मांजरा धरण वाचवायचं, तर सुरुवात शिवारातून

केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण केज, अंबाजोगाई आणि लातूरची तहान भागवतं. २०१६च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ती वेळ पुन्हा येऊ द्यायची नसेल, तर तलाव कशाने आटतो आणि आपल्या हातात काय आहे, हे नीट समजून घ्यायला हवं.

पाणी किती मावतं?

धरणाची एकूण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. त्यातलं सुमारे ४७ दशलक्ष घनमीटर पाणी मृतसाठ्यात मोडतं, म्हणजे ते बाहेर सोडायच्या दारांच्या पातळीखाली राहतं. ‘धरण शून्य टक्क्यांवर’ अशी बातमी येते, तेव्हा उरलेला असतो तो हाच मृतसाठा.

तलाव आटतो कशाने?

पाऊस ओढ देतो, हे एक कारण. दुसरं ऊन. एक हेक्टर पाण्यावरून जेमतेम एक मिलिमीटर थर उडाला, तरी दहा हजार लिटर पाणी जातं. तिसरं गाळ. बालाघाटच्या डोंगररांगांच्या उघड्या उतारांवरून माती वाहून येते आणि पाण्याची जागा बळकावते. चौथं कारण आपला उपसा.

गाळ उचलताना

शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे. हलक्या, मुरमाड रानात हा गाळ सोन्यासारखा. भारी काळ्या रानात मात्र तो टाकू नये. खोदाई मुरूम लागेपर्यंतच करावी आणि भिंतीपासून लांब करावी.

लोकांनी करून दाखवलं

गावांमधल्या जलसंधारणाच्या कामाची पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६मध्ये तीनच तालुक्यांत सुरू झाली. त्यात वरुड आणि कोरेगावसोबत अंबाजोगाई होतं. उतारावर पाणी अडवणारे चर आखायची रीत साधी: दोन पट्ट्यांना बांधलेल्या पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन्हीकडची पातळी जुळली की फक्कीची खूण करायची, त्या खुणांवरून चर खणायचा. टिकाव, फावडं, घमेलं घेऊन बायाबापड्या उन्हं चढण्याआधी कामाला लागत. हे काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं, म्हणजे पाणी जिरतं आणि माती जागेवर राहते.

शिवारात अडवलेलं थोडं पाणी धरणात येणार नाही, हे खरं. पण गाळ कमी येतो आणि गावची विहीर टिकली, की टँकरचा भार धरणावर पडत नाही.

जिरवलेलं पाणी कुठे जातं?

चर खणून जिरवलेलं पाणी नव्या बोअरने उपसलं, तर श्रमदान वाया गेलं. ऊस वर्षभर पाणी मागतो. तो लावायचाच तर ठिबकवर, आणि साठा पाहून. पाणी बघून पीक ठरवणं हे श्रमदानाइतकंच मोलाचं आहे.

१ मेच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडा: गावात पाणी किती, पिकं कोणती, गाळ कुणाच्या रानात जाणार. हिशेब फळ्यावर लिहा आणि पावसाआधी टिकाव हाती घ्या.