अडलेल्या पैशाचा पत्ता

चेन्नईहून उत्तरेकडे जाणाऱ्या उपनगरी गाड्यांच्या फलकावर गुम्मिडिपूंडी हे नाव हमखास दिसते. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातले, आंध्र प्रदेशच्या सीमेला लागून असलेले हे गाव. 'सिपकॉट' या राज्याच्या औद्योगिक महामंडळाच्या वसाहतीत लोखंडाच्या रोलिंग मिल, फाउंड्री, रसायनांचे कारखाने आहेत आणि तेथील कामगारांत बिहार, झारखंड, ओडिशातून आलेले मोठ्या संख्येने आहेत. श्रीलंकेतून परागंदा झालेल्या तमिळांची मोठी छावणीही इथेच आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये अशा वस्त्यांचे नाव बदलून 'पुनर्वसन छावण्या' केले. तमिळ, तेलुगू, हिंदी आणि ओडिया बोलणारी माणसे एकाच रांगेत उभी राहू शकतील असे हे ठिकाण. बँकेच्या शाखेचे आता काय काम उरले, या प्रश्नाची परीक्षा महानगराच्या वातानुकूलित दालनात न घेता अशा गावी घ्यावी.

प्रश्न जगभर विचारला जातो आहे. ब्रिटनमध्ये २०१५ पासून सहा हजारांहून अधिक शाखांना टाळे लागले. अखेर तेथील नियामकाला हस्तक्षेप करावा लागला. शाखा बंद करताना परिसरातील लोकांना रोख रक्कम मिळण्याची सोय राहते की नाही, हे तपासण्याचे बंधन सप्टेंबर २०२४ पासून बँकांवर आले आणि काही बँकांनी मिळून चालवायची सामायिक केंद्रे उघडू लागली. भारतात शाखांची संख्या दीड लाखाहून अधिक आहे, आणि त्याच वेळी 'यूपीआय'वरून महिन्याला दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार होतात. चहावाल्याकडेही क्यूआर कोड असताना शाखेत जायचे कशाला, असे शहरी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र ही तुलनाच चुकीच्या मापाने होते. पैसा सरळ चालत असतो तेव्हा शाखा लागत नाही, हे खरेच. ती लागते पैसा अडतो तेव्हा. भट्टीसमोर काम करून बोटांच्या रेषा झिजल्या की अंगठ्याचा ठसा यंत्राला पटत नाही. आधारवर नावाचे स्पेलिंग एक आणि खात्यावर दुसरे असते. 'केवायसी'ची मुदत उलटली म्हणून पगाराच्या दिवशीच खाते गोठते. खाते गावाकडच्या शाखेत आणि खातेदार दोन हजार किलोमीटर दूर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आता बँकेच्या कोणत्याही शाखेत केवायसी अद्ययावत करता येते आणि सध्याचा पत्ता आधारवरील पत्त्याहून निराळा असेल तर स्वयंघोषणा पुरते. अधिकृत कागदपत्र मुळीच नसलेल्यालाही अधिकाऱ्यासमोर सही करून 'लघु खाते' उघडता येते. त्यातील शिल्लक ५० हजारांवर जाता कामा नये आणि महिन्याला १० हजारांहून जास्त काढता येत नाहीत. नियम उदार आहेत. पण कामगाराला तो नियम सांगणारा, आणि 'तुमची होम ब्रँच इथली नाही' असे म्हणून त्याला परत न पाठवणारा माणूस खिडकीपलीकडे असावा लागतो. ग्राहक ज्याला किंमत देतो तो हा माणूस, इमारतीला नव्हे.

इमारतीचा भरवसा काय लायकीचा असतो, हे मद्रासने फार पूर्वी पाहिले आहे. १९०६ मध्ये आर्बथनॉट ही प्रतिष्ठित इंग्रज पेढी बुडाली, हजारो ठेवीदार देशोधडीला लागले आणि त्या धक्क्यातून पुढल्याच वर्षी इंडियन बँक उभी राहिली. महाराष्ट्राला एवढे मागे जाण्याचीही गरज नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये 'पीएमसी' बँकेच्या खातेदारांना आरंभी केवळ हजार रुपये काढता येत होते, तेव्हा त्या बँकेच्या शाखा जागच्या जागीच होत्या. ठेवीदाराला खरे संरक्षण मिळाले ते नंतरच्या तरतुदींनी: विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर गेली आणि निर्बंध आलेल्या बँकेतील ही रक्कम ९० दिवसांत देण्याचा कायदा २०२१ मध्ये झाला. तेव्हा शाखा म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण भाबडे आहे. शाखा फार तर जाब विचारण्याची जागा देते. तेही थोडके नाही.

एका बाबतीत मात्र शाखेचा संथपणाच गुणकारी ठरतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये सायबर गुन्हेगारांनी नागरिकांचे २२,८४५ कोटी रुपये लुटले. 'डिजिटल अटके'च्या धाकाने मुदत ठेव मोडायला आलेल्या वृद्धाला काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने थांबवल्याच्या घटना त्याच वर्षी हैदराबादसह अनेक ठिकाणी घडल्या. अ‍ॅपला घाबरलेला चेहरा दिसत नाही.

भाषेचा वाद इथेच येतो. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्रात बँकांतील मराठीसाठी आंदोलन झाले. नोव्हेंबरमध्ये खुद्द अर्थमंत्र्यांनी शाखेतील कर्मचाऱ्यांना स्थानिक भाषा आलीच पाहिजे असे सुनावले. मागणी रास्त आहे. गुम्मिडिपूंडी तिला आणखी एक पदर जोडते: इथे तमिळ वृद्धेला हिंदीभाषक अधिकारी अडचणीचा वाटेल आणि ओडिया कामगाराला केवळ तमिळ जाणणारा. लिपिकांची भरती राज्यनिहाय आणि स्थानिक भाषेच्या चाचणीनंतर होते; अधिकारी देशभर बदलत राहतात. शाखेची स्मरणशक्ती म्हणजे तो लिपिक आणि तो शिपाई. सार्वजनिक बँकांत नेमके त्यांचेच प्रमाण वर्षानुवर्षे घटत आले आहे.

याचे कारण शाखेचे मोजमाप. ठेवी किती, कर्जे किती, विमा पॉलिसी किती विकल्या, याचे तक्ते दर आठवड्याला वर जातात. किती जणांचे अडलेले काम सुटले याचा रकाना त्यात नसतो. उलट गरीब खातेदाराकडून वसुली मात्र चोख झाली. २०२३-२४ पर्यंतच्या पाच वर्षांत सार्वजनिक बँकांनी किमान शिलकीच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले. २०२५ मध्ये कॅनरा, इंडियन बँक आदींनी बचत खात्यांवरील हा दंड रद्द केला, हे बरे झाले. त्याच वर्षी एका मोठ्या खासगी बँकेने महानगरांतील नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक ५० हजारांवर नेली आणि ओरड होताच काही दिवसांत १५ हजारांवर आणली.

आता मृत खातेदारांच्या दाव्यांचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करण्यास बँकांना सांगण्यात आले: दावा १५ दिवसांत निकाली काढावा, विलंब झाल्यास ठेवीवर बँक दराहून चार टक्के अधिक व्याज भरपाई म्हणून द्यावे. मिलमध्ये काम करणारा एखादा कामगार दगावला आणि त्याची पत्नी ओडिशातल्या गावी असली, तर तिच्या दृष्टीने ही सुधारणा मोठी आहे. फक्त हे १५ दिवस मोजायला सुरुवात होते सर्व कागदपत्रे पूर्ण झाल्यावर. कोणता कागद कमी आहे, तो कुठे मिळेल, वारस नोंद नसल्यास काय करायचे, हे समजण्यात जे आठवडे जातात ते कोणत्याही निर्देशात मोजलेले नाहीत. ते काउंटरच्या अलीकडे, रांगेत जातात.