पगाराचा आकडा आणि त्याची फोड
लेखमाला : नोकरी आणि कायदा – लेखांक ५

नाशिक परिसरातल्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी पक्की झाली की नेमणूकपत्रात आधी बघितला जातो तो एकच आकडा : सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) किती आणि हातात किती येणार. त्याच पत्राला शेवटी एक परिशिष्ट जोडलेले असते. त्यात मूळ वेतन, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, विशेष भत्ता अशी फोड असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. माझे म्हणणे असे की कायद्याच्या दृष्टीने हे परिशिष्टच नेमणूकपत्राचा गाभा आहे. भविष्य निर्वाह निधी (फंड), निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार यांचे हिशेब एकूण आकड्यावर होत नाहीत, फोडीतल्या ठरावीक रकान्यांवर होतात. ती फोड तयार करताना कंपनीच्या बाजूने कायद्याचा सल्लागार बसलेला असतो. नोकरी घेणाऱ्याच्या बाजूने मात्र त्या क्षणी कोणीच नसते, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचे नुकसान तिथेच होते.

महिना १८,००० रुपये पगाराचा एक कामगार घेऊ. मूळ वेतन ८,०००, घरभाडे ४,०००, प्रवास २,००० आणि विशेष भत्ता ४,०००. फंड फक्त मूळ वेतनावर कापला तर १२ टक्क्यांनी त्याचे ९६० रुपये जमा होतात, तेवढेच मालकाचे. आता हा विशेष भत्ता कशाबद्दल दिला जातो, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. तो जादा उत्पादनाशी जोडलेला नसतो, सगळ्यांना सरसकट मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात नेमका याच प्रश्नाचा निकाल दिला. एक शाळा आणि काही कंपन्या यांची अपिले एकत्र चालली होती. जो भत्ता सर्वांना सारखा मिळतो आणि ज्यासाठी कामगाराला नेहमीपेक्षा जास्त काही करावे लागत नाही, तो मूळ वेतनाचाच भाग आहे आणि फंडासाठी धरलाच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या उदाहरणात नुसता विशेष भत्ता धरला तरी फंडाचा पाया १२,००० होतो आणि दोन्ही बाजूंची कपात प्रत्येकी १,४४० होते. म्हणजे फंड आणि निवृत्तिवेतन योजना मिळून दरमहा ९६० रुपये जास्त, वर्षाला ११,५२० रुपये, आणि फंडातल्या भागावरचे व्याज वेगळे.

ग्रॅच्युइटीचा फरक याहून ठळक दिसतो. सूत्र साधे आहे : शेवटचे मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात वेतन म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता एवढेच होते. घरभाडे आणि इतर सर्व भत्ते बाहेर. त्या हिशेबाने ८,००० मूळ वेतनावर वीस वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ९२,३०० रुपये येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम, कमिशन अशा ठरावीक बाबीच आता वेतनाबाहेर राहतात, आणि त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग पुन्हा वेतनात मिळवला जातो. विशेष भत्ता या वगळलेल्या यादीत नाही. म्हणून याच कामगाराचे वेतन १२,००० धरले जाईल आणि वीस वर्षांचा आकडा सुमारे १,३८,५०० वर जाईल. पगार एका रुपयानेही वाढला नाही. वाढ झाली ती फक्त रकान्याच्या व्याख्येमुळे. मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना आता पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळू शकते. करारावर माणसे घेण्याची पद्धत आपल्याकडे किती रुजली आहे हे पाहता ही तरतूद माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते.

अधिकारीवर्गाला वाटते की हा कामगारांचा विषय आहे. तसे नाही. ग्रॅच्युइटीसाठी व्यवस्थापकही कर्मचारीच असतो. त्याच्या सीटीसीत ग्रॅच्युइटी म्हणून मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के एवढी ओळ असते. पंधरा दिवसांचे वेतन बारा महिन्यांत वाटले की हाच आकडा येतो. ही रक्कम पगाराच्या एकूण आकड्यात मोजली जाते, पण कायम नोकरीतला अधिकारी पाच वर्षे पुरी होण्याआधी बाहेर पडला तर सहसा हातात पडत नाही. दर तीन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याने ही ओळ वजा करूनच दोन प्रस्तावांची तुलना केली पाहिजे. मूळ वेतन कमी ठेवण्याचे जुने समर्थन प्राप्तिकराचे होते : घरभाड्याची सूट मिळते, म्हणून भत्ते फुगवा. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ पर्याय झाली आणि तिच्यात घरभाड्याची सूटच नाही. उलट मालकाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत भरलेली रक्कम तिथे मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत करमुक्त आहे, म्हणजे मूळ वेतन जास्त असेल तर ही सवलतही वाढते. नवी प्रणाली निवडलेल्याच्या बाबतीत भत्त्यांची फोड करण्याचे कराचे कारण संपले. उरले ते मालकाची देणी कमी ठेवण्याचे.

यावर पहिला आक्षेप कामगारांकडूनच येतो. आज पाथर्डी फाट्याच्या घराचा हप्ता भरायचा आहे, कपात वाढली तर हातात कमी येईल, साठीनंतरचे कोणी बघितले? हा आक्षेप खरा आहे आणि सीटीसीच्या पद्धतीत तर जास्तच खरा, कारण तिथे मालकाचा हिस्साही आपल्याच आकड्यातून जातो. पण हातात जास्त आलेले पैसे कामगार स्वतः गुंतवतो, हे गृहीतक कमी पगारात टिकत नाही. शिवाय खासगी कारखान्यातल्या माणसामागे नाशिकरोडच्या मुद्रणालयांतल्या जुन्या कर्मचाऱ्यांसारखे सरकारी निवृत्तिवेतन नाही. त्याचे ईपीएस-९५ (कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५) चे निवृत्तिवेतन वेतन गुणिले सेवा भागिले ७० या सूत्राने ठरते. १५,००० च्या मर्यादेवर निवृत्तिवेतनासाठी मोजलेली सेवा तीस वर्षे भरली तरी महिना सुमारे ६,४३० रुपये येतात, आणि पाया ८,००० दाखवला तर ३,४३०. दुसरा आक्षेप छोट्या कारखानदाराचा : मोठी कंपनी सुट्या भागांचा दर ठरवून देते, त्यात हा बोजा कुठून उचलू? त्याची अडचण मला मान्य आहे. तरी तिच्यावरचा उपाय दराच्या वाटाघाटीत आहे. कायदा सर्व पुरवठादारांना सारखाच लागू असेल तर नियम पाळणारा स्पर्धेत मागे पडत नाही. तो मागे पडतो शेजारचा पळवाट काढतो म्हणून. आणि फंडाची थकबाकी नंतर निघाली की व्याज आणि दंडासह येते. ती रक्कम छोट्या युनिटला जास्त जड जाते.

मग कायद्याचा सल्ला कधी घ्यायचा? वाद झाल्यावर, असेच बहुतेक जण समजतात. निवृत्तिवेतनाच्या निकालाने हा समज खोडून काढला आहे. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाढीव निवृत्तिवेतनाचा पर्याय देण्यासाठी १ सप्टेंबर २०१४ रोजी नोकरीत असलेल्यांना आणखी चार महिने दिले, पण त्या तारखेपूर्वी पर्याय न देता निवृत्त झालेल्यांना काही मिळाले नाही. काम तेच, कपातही तीच असू शकते. फरक एका वेळेवर दिलेल्या अर्जाचा. अधिकाऱ्यासाठी तर ही वेळ जास्तच निर्णायक. व्यवस्थापकीय काम करणारा कायद्याच्या अर्थाने कामगार नसतो, त्यामुळे कामावरून काढले तर त्याला कामगार न्यायालयाची वाट मोकळी नाही. नोकरीवर परत घ्या असा हुकूमही खासगी करारात दिवाणी न्यायालय सहसा देत नाही. त्याच्या हाती उरतो तो सही केलेला करार. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. म्हणून जॉइनिंग बोनस परत घेण्याची अट, नोटिशीचा काळ, वर्षाच्या मध्यात गेल्यास कामगिरी बोनसचे काय, शेअर पर्यायांचा हक्क कधी पक्का होतो आणि कर कोणत्या दिवशी लागतो, हे सर्व सहीपूर्वी लेखी विचारावे. एचआर विभाग उत्तर देईल, पण तो कंपनीचा सल्लागार आहे हे धरून चालावे. अधिकाऱ्याने स्वतःचा वकील पैसे देऊन करावा. औद्योगिक कामगाराला तेही करावे लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार उत्पन्न कितीही असले तरी तो मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, आणि जाताना नेमणूकपत्र परिशिष्टासह, शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या आणि फंडाचे पासबुक सोबत न्यायचे.