‘ट’ ऐकू आलेला इंग्रज

‘वात’ आणि ‘वाट’ हे दोन शब्द जरा मोठ्याने म्हणून पाहा. ‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकते, ‘ट’ म्हणताना ती मागे वळून टाळूला लागते. आपल्याला हा फरक इतका उघड वाटतो की कुणाला तो ऐकूच येत नसेल, हे पटत नाही. पण कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्याने इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांवर नेमका हाच प्रयोग केला. १९८४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी घेतले होते ते हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता. कुठले आवाज आपल्या कामाचे आणि कुठले नाहीत, हे वर्षाच्या आतच आपला कान ठरवून टाकतो आणि मग नको असलेली दारं लावून घेतो.

हे वाचलं तेव्हा मला आठवला तो थॉमस स्टीफन्स. ज्याचं हे दार लागून एकोणतीस वर्षं झाली होती, असा एक इंग्रज धर्मप्रचारक गोव्यात उतरतो आणि पुढे मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहितो. शाळेच्या पुस्तकात त्याने केलेली मराठीची स्तुती आपण वाचलेली असते. म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो, आणि ओळखीच्या माणसाचं नवल वाटायचं राहून जातं.

जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातल्या बुशटन गावचा. वडील लंडनचे व्यापारी. इंग्लंडात तेव्हा एलिझाबेथ राणीचं राज्य, आणि कॅथलिक असणं म्हणजे राजद्रोहाच्या उंबरठ्यावर उभं असणं. थॉमस पाउंड नावाच्या कॅथलिक सद्गृहस्थाचा नोकर म्हणून हा तरुण दोनेक वर्षं वावरला. दोघांना मिळून रोमला जायचं होतं. पाउंड पकडला गेला, स्टीफन्स निसटला. १५७५ साली रोममध्ये तो जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला. तेव्हा परदेशी जायचं आणि आपला देश सोडायचा, हे त्याच्या बाबतीत गोव्याच्या आधीच उरकलेलं होतं. परत जायला त्याला घर उरलं नव्हतं.

४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून पाच जहाजं निघाली. हा प्रवास स्टीफन्सने वडिलांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि तो वाचताना धर्मप्रचारकापेक्षा एखादा चौकस शाळकरी मुलगाच बोलतोय असं वाटतं. समुद्रात रस्ता कसा सापडतो हेच त्याला कळून घ्यायचं आहे. सूर्याची आणि ताऱ्यांची उंची मोजून आपण उत्तरेला किती, दक्षिणेला किती हे खलाशाला कळतं. पण पूर्वेला किती आलो, ते सांगणारी एकही खूण आकाशात नाही, हे तो वडिलांना समजावून सांगतो. (त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला पुढे जॉन हॅरिसनचं घड्याळ यावं लागलं, तेही अठराव्या शतकात.) परिणाम व्हायचा तोच झाला. गोवा आला असं वाटत असताना जहाज प्रवाहाने भरकटून सोकोत्रा बेटाच्या बाजूला, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी पोहोचलं होतं.

तोवर माणसं मरायला लागली होती. महिनोन् महिने ताजं अन्न नाही. हिरड्या सुजून इतक्या वाढायच्या की कापाव्या लागत, पाय सुजत, हातपाय हलेनासे होत. आज आपण त्याला स्कर्व्ही म्हणतो आणि ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी देतो. स्टीफन्सच्या जहाजावर दीडशेहून जास्त आजारी पडले, सत्तावीस दगावले. आणि एवढ्यावर भागलं म्हणून लोक समाधान मानत होते, असं तो लिहितो.

मग पाण्यावर माडाच्या फांद्या दिसल्या, पक्षी दिसले आणि पोहणारे साप दिसले. समुद्री साप खोल समुद्रापेक्षा किनाऱ्याजवळ राहतात. तेव्हा ते दिसले की जमीन जवळ आली म्हणायचं. पंधराशे वर्षं आधीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही हिंदुस्थानच्या किनाऱ्याची हीच खूण सांगितलेली आहे. आपल्याकडे साप आडवा गेला की लोक वाट बदलतात. इथे सापाने वाट दाखवली. २४ ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागलं.

वडिलांना पत्र लिहिलं ते १० नोव्हेंबरला. म्हणजे पाय टेकून अवघे सतरा दिवस झाले होते. इथली माणसं सावळी आहेत आणि साधे लोक चतकोर कापडात, कंबरेच्या दोरीवर वावरतात, हे सांगून तो लगेच जोडतो की त्या वेशात ते स्वतःला आपल्या सगळ्या नटव्या पोशाखाइतकंच नीटनेटकं समजतात. सतरा दिवसांत एवढं दिसणं ही साधी गोष्ट नव्हे. झाडांविषयी मात्र तो हात टेकतो. द्राक्षवेल सोडली तर युरोपात पाहिलेलं एकही झाड त्याला इथे भेटलं नाही. नवीन देशात पहिल्यांदा परकं वाटतं ते देवळांमुळे की माणसांमुळे, असा प्रश्न असेल तर स्टीफन्सचं उत्तर आहे: झाडांमुळे.

या पत्राचं उत्तर कधी यायचं, याचाही हिशेब करण्यासारखा आहे. जहाजं मोसमी वाऱ्यांच्या तालावर चालायची. लिस्बनहून वसंतात निघाली की शरदात गोव्याला, आणि इथून हिवाळ्यात निघाली की पुढच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तिकडे. एक प्रश्न विचारायचा आणि दीड-दोन वर्षं थांबायचं. आज परदेशी गेलेला मुलगा आईला व्हिडिओ कॉलवर फोडणीचं प्रमाण विचारतो. स्टीफन्सला जे विचारायचं ते इथल्याच माणसांना विचारणं भाग होतं, आणि त्यासाठी त्यांची भाषा येणं भाग होतं. माझ्या मते तो गोवेकर झाला त्याचं अर्धं श्रेय भक्तीचं, अर्धं वाऱ्यांचं.

चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ ला, त्याने भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. आता झाडांपुढे तो गोंधळलेला नाही. माड त्याला पाठ झाला आहे: तेल, सूर, गूळ, शिरका, काथ्याचा दोर, झोपडीवर घालायची झावळी, तहान भागवणारं पाणी. त्याच पत्रात एक वाक्य येतं, सहज बोलता बोलता आल्यासारखं. इथल्या भाषा खूप आहेत, त्यांचे उच्चार कानाला बरे लागतात, आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनच्या घडणीशी जुळते. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं जाहीर केलं ते १७८६ मध्ये. दोनशे वर्षं आधी गोव्याच्या साष्टीतल्या एका पाद्र्याला ते दिसलं होतं. त्याने ते भावाला कळवलं आणि तो पुढच्या कामाला लागला.

पण साष्टी म्हणजे काय होतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. स्टीफन्स जिथे स्थिरावत होता तिथली माणसं नुकतीच उठवली गेली होती. १५६० च्या दशकात साष्टीतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश झुवारी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आज आपण मंगेशीला आणि कवळ्याला दर्शनाला जातो, ते निर्वासित देवांच्या दारी जातो. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० पासून होतं. आणि ज्या वर्षी भावाला पत्र गेलं त्याच वर्षी जुलैत साष्टीतल्याच कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारलं. पोर्तुगीजांनी त्याचा सूड घेतला तो कुंकळ्ळीच्या सोळा गावकरांना असोळणेच्या किल्ल्यात बोलण्यांसाठी बोलावून. त्यांतला एकच निसटला. स्टीफन्स या सत्तेच्या जहाजातून आला होता आणि तिच्याच छत्राखाली राहिला. त्याचं कौतुक करताना मी हे बाजूला ठेवत नाही. पण त्या सत्तेने न शिकवलेलं काहीतरी तो शिकत होता, हेही खरं.

त्याच वर्षअखेर आणखी एक गंमत घडली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती, असे चार इंग्रज हेर समजून गोव्याच्या तुरुंगात पडले. त्यांना जामिनावर सोडवायला स्टीफन्सने मदत केली. पुढे त्यांतले तिघे पळाले. फिच अकबराच्या राज्यातून थेट ब्रह्मदेश-मलाक्केपर्यंत फिरून १५९१ मध्ये लंडनला पोहोचला, आणि त्याची माहिती ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांच्या कामी आली. कंपनीचं पहिलं जहाज सुरतेला लागलं १६०८ मध्ये. तोवर स्टीफन्स इथे एकोणतीस वर्षं राहून जुना झाला होता.

या वर्षांत त्याने ‘ट’ पकडला. इथल्या रोजच्या बोलीचं, कोकणीचं, त्याने पोर्तुगीजमधून व्याकरण लिहिलं, नंतर येणाऱ्या पाद्र्यांसाठी. ते राशोलला छापून निघालं १६४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. छापलं गेलेलं हिंदुस्थानातल्या भाषेचं पहिलं व्याकरण ते हेच. रोमन लिपीत त-टसाठी एकच अक्षर, द-डसाठी एकच, न-णसाठी एकच. मग टाळूला लागणारा वर्ण दाखवायचा कसा? उपाय सोपा निघाला: अक्षर दोनदा लिहायचं. एक टी म्हणजे ‘त’, दोन टी म्हणजे ‘ट’. एक एन म्हणजे ‘न’, दोन एन म्हणजे ‘ण’. सोपा उपाय सुचायला आधी फरक ऐकू यावा लागतो. कान उघडायला किती वर्षं लागली, किती जणांनी हसून चूक दुरुस्त केली, हे कुठे लिहिलेलं नाही. पण दाईने, स्वयंपाक्याने, होडीवाल्याने, शिकवायला ठेवलेल्या पंडिताने ते काम केलं असणार. व्याकरणावर त्यांची नावं नाहीत.

१६१६ मध्ये त्या अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं, तेव्हा स्टीफन्सचं वय सदुसष्टच्या आसपास होतं. इथून पुढे त्यांना अरेतुरे करणं मला जमणार नाही. पुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. धर्मशिक्षण चाललेलं असताना नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठून विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? प्रश्न अतिशय रास्त आहे. संध्याकाळी चार माणसं बसून ऐकतील असं काहीतरी हवं, नुसत्या प्रश्नोत्तरीने पोट भरत नाही. आणि पाद्रीबाबांनी ते दिलं, ओवीत. ओवी निवडण्यातच त्यांची सगळी समज आहे. बोलायला कोकणी, पण ग्रंथ मराठीत ऐकायचा, ही साष्टीची रीत त्यांनी मोडली नाही. साध्या माणसांना जड जाऊ नये म्हणून बोलीतले शब्द मिसळल्याचं त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द वापरायला त्यांचा हात अडला नाही. कथा बेथलेहेमची, बैठक मात्र पुराणिकबुवांची.

एका गोष्टीत मात्र ते हरले. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. खरं तर तो निघाला होता ॲबिसिनियाला, वाटेत गोव्यात उतरला तो राहिला. फादरना पुस्तकं इथल्याच लिपीत छापायची होती. ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रात त्यांनी रोमला आपल्या प्रमुखांना अडचण कळवली: आपल्याला चोवीस साचे पुरतात, इथे सहाशे लागतील असं लोक म्हणतात. हा आकडा ऐकून दचकू नका, हिशेब करून पाहा. चौतीस व्यंजनांना बाराखडी लावली की चारशे आठ झाले, वर जोडाक्षरं. मुलाला बाराखडी गिरवायला लावताना आपण हा गुणाकार करत नाही इतकंच. साचे ओतले गेले नाहीत आणि पुराण रोमन लिपीतच छापलं गेलं. देवनागरी टाइपात मराठी व्याकरण छापलं ते दुसऱ्या एका इंग्रज मिशनऱ्याने, विल्यम कॅरीने, १८०५ मध्ये, आणि तेही दूर बंगालमधल्या श्रीरामपूरला.

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स वारले. चाळीस वर्षं इथे काढली, मायदेशी एकदाही गेले नाहीत. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराण पुन्हा छापलं गेलं, ख्रिस्ती घरांत गायलं गेलं. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. एका माणसाला इथली भाषा शिकायला अर्धं आयुष्य लागलं होतं, आणि सरकारला ती तीन वर्षांत पुसायची होती. पुराणाच्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची प्रत आज हाती नाही. ते तगलं ते हस्तलिखितांत. त्यांतलं एक देवनागरीतलं हस्तलिखित आता आहे लंडनमध्ये. लेखक, लंडनच्या व्यापाऱ्याचे पुत्र, गोव्यात मातीला मिळाले, आणि त्यांची मराठी तिकडे पोहोचली. छापील पुस्तकाच्या रूपात ते परत आलं १९०७ मध्ये मंगळूरला, आणि देवनागरीत शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्यात काढलं.

फर्मान विरलं, बोली राहिली. गोव्यातले ख्रिस्ती लोक आजही रोमन लिपीत कोकणी लिहितात. पुढच्या खेपेला पणजीहून म्हापशाकडे जाल तेव्हा पर्वरीला थोडं थांबा. तिथे जेझुइटांचं ‘थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र’ आहे. त्याचं रोमन लिपीतलं नाव नीट वाचा. ‘कोंकणी’ या शब्दात शेवटच्या ‘णी’ला दोन एन आहेत.