आत्मभान आणि विश्वासार्ह नेतृत्व : सातारा-सांगली परिसरातील तीन उदाहरणे

प्रस्तावना

महाविद्यालयातील प्राचार्य, विभागप्रमुख अथवा समितीचे समन्वयक यांना पद आदेशाने प्राप्त होते. सहकाऱ्यांचा विश्वास मात्र आदेशाने प्राप्त होत नाही. हा विश्वास कशातून निर्माण होतो आणि त्याचा नेत्याच्या आत्मभानाशी कोणता संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात सातारा व सांगली जिल्ह्यांतील तीन उदाहरणांच्या आधारे केला आहे.

संकल्पना

आत्मभान म्हणजे केवळ आत्मपरीक्षण नव्हे. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या ‘जोहरी खिडकी’ या प्रतिमानात व्यक्तिमत्त्वाचे चार भाग कल्पिले आहेत : स्वतःला व इतरांना ज्ञात असलेला, केवळ स्वतःला ज्ञात असलेला, केवळ इतरांना ज्ञात असलेला आणि कोणालाच ज्ञात नसलेला. यांपैकी तिसरा भाग नेतृत्वाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. आपले जे दोष इतरांना दिसतात पण आपणांस दिसत नाहीत, ते एकांतातील चिंतनाने उमगत नाहीत; त्यासाठी इतरांना निर्भयपणे बोलता यावे लागते. अधिकार जसजसा वाढतो, तसतसे असे बोलणारे कमी होतात. म्हणून आत्मभान हा वैयक्तिक गुण असला तरी त्याला व्यवस्थेचा आधार आवश्यक ठरतो.

तीन उदाहरणे

पहिले उदाहरण उद्योगाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या धास्तीने शेतकरी तो घेईनात. सुरुवातीचे नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. उत्पादकाची खात्री आणि ग्राहकाचा विश्वास या भिन्न गोष्टी आहेत, हा धडा यातून मिळतो. १९१० मध्ये औंध संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर व बिनव्याजी कर्जावर, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीची उभारणी सुरू झाली. तेथे शिक्षा भोगून आलेल्या काही व्यक्तींकडे रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपविण्यात आले. नेत्याने प्रथम विश्वास टाकावा, मग त्याची अपेक्षा करावी, असा क्रम येथे दिसतो.

दुसरे उदाहरण खुद्द पंतप्रतिनिधींचे. त्यांच्या संस्थानाचा मुलूख आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत आणि काही अंशी विजापूरकडे विखुरलेला होता. महात्मा गांधींच्या सल्ल्याने सिद्ध झालेल्या १९३९ च्या राज्यघटनेद्वारे त्यांनी राज्यकारभार ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या असलेल्या लोकप्रतिनिधींच्या हाती सोपविला. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिजनांची मुक्त वसाहत सुरू झाली. या प्रयोगास मर्यादाही होत्या : मतदानाचा हक्क साक्षरतेशी जोडलेला होता आणि १९४८ मधील विलीनीकरणाने तो संपुष्टात आला. तथापि आपल्या अधिकाराला आपणच कायद्याची मर्यादा घालणे, हे आत्मभानाचे दुर्मीळ रूप होय.

तिसरे उदाहरण शिक्षणक्षेत्रातील आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव प्रवास केला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (जि. सातारा) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू केले. त्यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झालेले नव्हते. १९४७ मध्ये मात्र त्यांच्याच संस्थेचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय साताऱ्यात उभे राहिले. अध्यापनाचे काम त्या त्या विषयाच्या जाणकारांनीच करावयाचे होते. संस्थापकाने आपली जागा ओळखली होती. वसतिगृहात विविध जातींची मुले एकत्र राहत व जेवत. त्यांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही खर्ची पडले. कर्मवीरांच्या विश्वासार्हतेचा विचार करताना लक्ष्मीबाईंच्या या त्यागाचा स्वतंत्र उल्लेख करणे अगत्याचे आहे. नेत्याच्या ध्येयाची किंमत अनेकदा दुसरेच कोणी मोजत असते, आणि याची जाणीव हाही आत्मभानाचाच भाग होय.

महाविद्यालयीन संदर्भ

तिन्ही उदाहरणांत नेत्याच्या शब्दांपेक्षा त्याने निर्माण केलेली व्यवस्था अधिक बोलकी आहे. महाविद्यालयात कार्यमूल्यमापनाचा अहवाल सामान्यतः वरिष्ठ कनिष्ठांविषयी लिहितात. उलट दिशेने मत पोहोचण्याची वाट क्वचितच असते. विभागप्रमुखाने वर्षातून एकदा तरी सहकाऱ्यांकडून आपल्या कामाविषयी निनावी लेखी मत मागवावे व त्यानुसार केलेला एखादा बदल बैठकीत सांगावा. वेळापत्रकातील गैरसोयीचे तास, परीक्षेची कामे आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर पडणारा भार यांची वाटणी सर्वांसमोर करावी व त्यात स्वतःचा वाटा प्रथम नोंदवावा. सहकाऱ्याच्या कामाचे श्रेय इतिवृत्तात त्याच्या नावाने यावे आणि चुकलेला निर्णय आपलाच होता, हेही तेथे नमूद व्हावे.

निष्कर्ष

आपल्या मर्यादा जाणणे ही आत्मभानाची पहिली पायरी आहे. त्या मर्यादा इतरांना दाखवून देता येतील अशी सोय करणे ही दुसरी पायरी होय, आणि विश्वास बसतो तो या दुसऱ्या पायरीवर. पदाचा कालावधी संपल्यानंतरही ही सोय टिकून राहिली, तर ते नेतृत्व संस्थेच्या खऱ्या उपयोगी पडले असे म्हणता येईल.