जुनी गादी, ढेकूण आणि आपला बाजार

ढेकणांचा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. ढेकणाला पंख नसतात आणि त्याला उडीही मारता येत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात, एका गावातून दुसऱ्या गावात तो जातो तो मालाबरोबर. जुना पलंग, भाड्याची गादी, लॉजमधली उशी, प्रवासाची बॅग ही त्याची वाहने. म्हणून घरातला ढेकूण हा बऱ्याच वेळा बाजारातूनच आलेला असतो. हे आम्ही स्वानुभवावरून लिहीत आहोत.

मागे एका उन्हाळ्यात आम्ही नंदुरबारात एक जुना दिवाण विकत घेतला. लाकूड सागाचे, भाव रास्त, पॉलिश ताजे. पंधरा दिवसांनी मुलांच्या हातांवर आणि मानेवर लाल गांधी उठू लागल्या. आधी घामोळे समजून पावडर लावली. एका रात्री दिवा लावून गादी उलटली तेव्हा शिवणीच्या कडेला काळे ठिपके आणि सफरचंदाच्या बीएवढे तपकिरी किडे दिसले. दिवाणाच्या सांध्यांत तर वसाहतच होती. विकणाऱ्याला ते ठाऊक असावे, कारण पॉलिश फक्त बाहेरून होते, आतल्या फळीला हातही लागला नव्हता. मालातला ऐब सांगून माल विकावा, ही शिकवण आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. तिचा विसर पडल्याची किंमत त्या उन्हाळ्यात आमच्या घराने मोजली.

त्यानंतर सगळे करतात तेच आम्हीही केले. फवारणीच्या बाटल्या आणल्या, मुंग्या-झुरळांच्या खडूच्या रेघा ओढल्या. चार दिवस शांततेत गेले आणि पाचव्या दिवशी ढेकूण शेजारच्या खोलीत निघाले. असे का होते, हे समजून घेतले पाहिजे.

ढेकणाची मादी दिवसाला दोन-चार अंडी घालते. अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, पांढरट आणि फटीला चिकटलेले. उबदार हवेत साधारण आठवडा ते दहा दिवसांत ते फुटते. पिल्लू मोठे होईपर्यंत पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक खेपेला त्याला एकदा तरी रक्त लागते. फवाऱ्याचा अंड्यावर फारसा परिणाम होत नाही. मोठे ढेकूण मेले तरी आठवड्याने नवी पिढी तयार असते. खोली महिनाभर बंद ठेवून ढेकूण उपाशी मारू म्हणाल, तर तेही जमत नाही. मोठा ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो.

दुसरी गोष्ट औषधाची. 1953 साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि खेडोपाडी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले जाऊ लागले. सुरुवातीला डासांबरोबर ढेकूणही मेले. पुढे ढेकणांना त्या औषधाची सवय झाली, आणि फवारणीवाले आले की ढेकूण वाढतात, अशी तक्रार लोक करू लागले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांतली औषधे वेगळी आहेत, पण त्यांनाही अनेक ठिकाणचे ढेकूण दाद देत नाहीत. 2023 मध्ये पॅरिससारख्या शहरात रेल्वे आणि सिनेमागृहांतल्या ढेकणांनी सरकारला बैठका घ्यायला लावल्या. तेव्हा ढेकूण म्हणजे गरिबाच्या घराची घाण, हा समज आता सोडून द्यावा. ढेकणामुळे माणसात रोग पसरतो असेही आढळलेले नाही. खाज, जागरण आणि लाज, एवढाच त्याचा त्रास. मात्र त्याच्यावर केलेला उपाय कधी कधी जीव घेतो.

आम्हाला एका हितचिंतकाने सल्ला दिला की, गव्हात ठेवायच्या गोळ्या दिवाणाखाली ठेवा आणि खोली बंद करा. वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे, हे कदापि करू नका. या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. त्यावर उतारा नाही. दाराच्या फटीतून, सामाईक भिंतीच्या भेगेतून तो शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलांपर्यंत पोहोचतो. आपल्या देशात अशा गोळ्यांनी घरातली माणसे दगावल्याच्या बातम्या वारंवार येतात. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीत आणि कोणालाही सुट्या विकता येत नाहीत. दुकानदार बंधूंनी चार पैशांसाठी त्या पुडीत बांधून देऊ नयेत. रॉकेल ओतणेही तसेच धोक्याचे. ढेकूण पळतात आणि गादी पेट घेण्याजोगी होते.

खरा उपाय आम्हाला एका वृद्ध पिंजाऱ्याने सांगितला. तो म्हणजे उष्णता. ढेकूण औषधाला सरावतो, पण तापमानापुढे टिकत नाही. सुमारे 48 अंश उष्णता दीड तास सलग मिळाली तर अंड्यांसकट सगळे मरतात, 55 अंशांच्या पुढे तर फार वेळ लागत नाही. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. ज्या उन्हात आपल्याकडे मिरची वाळते, तेच ऊन इथे कामाला येते. पण नुसती गादी गच्चीवर टाकून चालत नाही. ढेकूण वरची बाजू तापली की खालच्या सावलीत उतरतात. गोधडी, चादरी, उशांच्या खोळी काळ्या प्लास्टिकमध्ये पातळ थराने गुंडाळाव्यात, तोंड घट्ट बांधावे, पत्र्यावर किंवा स्लॅबवर अकरा ते चार ठेवून मध्ये एकदा उलटावे. जाड फोमच्या गादीत आतपर्यंत उष्णता पोहोचत नाही, तिथे हा उपाय अपुरा पडतो. उकळता येतील ते कपडे उकळावेत. खाटेची सुतळी आणि लाकडाचे सांधे यांवर उकळते पाणी ओतावे. दर आठ-दहा दिवसांनी हे सगळे पुन्हा करावे, निदान तीन वेळा. पलंग भिंतीपासून हातभर दूर ठेवावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये आणि पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

आता धंद्याची बाजू. पिंजारी-मन्सुरी बिरादरीचा गादी भरण्याचा पिढीजात व्यवसाय फोमच्या गादीने मागे सारला आहे. पण फोमची गादी उसवून धुता येत नाही, कापसाची येते. खोळ उकळायची, कापूस उन्हात तापवून पुन्हा पिंजायचा आणि नवे टाके घालायचे. हे काम फोमचा विक्रेता करू शकत नाही. मात्र पिंजल्याने ढेकूण मरतात असे धरून चालू नये. ढेकूण मुख्यतः शिवणीत आणि कडांच्या दोरीत असतात, आणि एका गिऱ्हाईकाची गादी दुसऱ्याच्या नव्या गादीवर ठेवली की दुकानच ढेकूण वाटू लागते. ताडपत्रीवर वेगळी जागा, जुना माल आधी उन्हात, नवा माल दुसऱ्या खोलीत, एवढी शिस्त ज्या दुकानात आहे त्याने ती पाटीवर लिहावी. गिऱ्हाईक त्यासाठी चार पैसे जास्त देईल, असे आमचे मत आहे.

बिछायतवाल्यांनाही हेच लागू. लग्नसराईत एकच गादी महिन्याभरात दहा घरी फिरते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दूरदूरचे व्यापारी अंथरूण घेऊन मुक्कामाला येतात. उसतोडीसाठी गुजरातेत गेलेली आमची माणसे पावसापूर्वी गाठोडी घेऊन परततात. यात दोष कोणाचाच नाही, पण गाठोडे घरात नेण्याआधी एक दिवस उन्हात तापवण्याला खर्चही नाही. लॉजवाल्यांनी गादीच्या कडा आठवड्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात पाहाव्यात.

शिकलेल्या तरुणांसाठी आणखी एक वाट आहे. कीटकनियंत्रणाचा धंदा 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली परवान्याने चालतो, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत त्याचे प्रशिक्षण मिळते. विनापरवाना पंप खांद्याला लावून फिरणाऱ्याला घरात घेण्याआधी परवाना दाखवायला सांगावा.

आमच्या दिवाणाला तिसऱ्या खेपेनंतर ढेकूण दिसला नाही. पायांखालच्या वाट्या मात्र घरच्यांनी अजून काढू दिलेल्या नाहीत.